गाड्यांवर कॅमेरे बसवायचेत? पुरवठादार निवडण्याच्या पायऱ्या

दहा-वीस ट्रक, टेम्पो किंवा स्टाफ बस असलेल्या मुंबईतल्या मालकाकडे हल्ली कॅमेरेवाल्यांची वर्दळ असते. सेल्समन लॅपटॉप उघडतो, कुठल्यातरी परदेशी रुंद रस्त्यावरचा चकाचक व्हिडिओ लावतो, ड्रायव्हरच्या चेहऱ्याभोवती हिरवी चौकट नाचते, आणि 'पुढचं सगळं एआय बघेल' म्हणून कोटेशन ठेवून निघून जातो. तिसऱ्या कोटेशननंतर मालकाचं डोकं गरगरतं आणि मग निवड होते ती सगळ्यात स्वस्ताची, नाहीतर भाच्याच्या ओळखीच्या माणसाची.

व्हिडिओ टेलिमॅटिक्स म्हणजे जीपीएस, कॅमेरा, फोरजी सिम आणि ऑफिसात दिसणारं सॉफ्टवेअर यांची एकत्र मोट. कॅमेरा बसवणारे शंभर सापडतील. रात्री साडेअकराला घोडबंदर रोडवर ठोकर झाली, दुचाकीवाला पडला, गर्दी जमली, ड्रायव्हर घाबरून फोन करतोय. अशा वेळी त्या दोन मिनिटांचा व्हिडिओ तुमच्या हातात किती वेळात पडेल आणि तो कोण काढून देईल, यावर पुरवठादार निवडायचा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नाभोवती आहेत.

पहिली पायरी: आधी आपली दुखणी लिहून काढा

सेल्समनला बोलावण्याआधी गेल्या वर्षभरातले वाद एका कागदावर उतरवा. अपघातात चूक कुणाची, यावरून किती वेळा पैसे गेले? भिवंडीच्या गोदामातून निघालेला माल पोचेपर्यंत कमी भरला, असं किती वेळा झालं? न्हावाशेवा बंदराच्या रांगेत गाडी उभी असताना डिझेल गेलं का? स्टाफ बसमधल्या कुणी चालकाबद्दल तक्रार केली का?

उत्तरं वेगळी निघाली की कॅमेरेही वेगळे लागतात. कंटेनर ओढणाऱ्या ट्रेलरला पुढचा आणि केबिनमधला असे दोन कॅमेरे बहुतेक वेळा पुरतात. मेट्रोच्या किंवा इमारतीच्या कामावर जाणाऱ्या आरएमसी मिक्सरला (तयार काँक्रीट नेणारी गाडी) आणि डंपरला डाव्या बाजूचा आंधळा कोपरा सर्वात घातक. तिथे बाजूचे आणि मागचे कॅमेरे आणि ड्रायव्हरसमोर छोटा स्क्रीन हवा. मालाच्या चोरीची तक्रार असेल तर डाल्याच्या किंवा कंटेनरच्या दाराकडे तोंड केलेला कॅमेरा आणि दार उघडल्याची नोंद घेणारा सेन्सर लागेल. पवई, ऐरोली, बीकेसीला रात्रपाळीची ने-आण करणाऱ्या बसला आतला कॅमेरा आणि पॅनिक बटण महत्त्वाचं. सगळ्या गाड्यांना एकच पॅकेज गळ्यात मारणारा आपला माणूस नव्हे.

त्याच कागदावर एक नाव लिहा: ऑफिसात हे रोज कोण बघणार? सुपरवायझर, ट्रॅफिक मॅनेजर, तुमचा मुलगा, कुणीही चालेल, पण नाव हवं. नाहीतर या रेकॉर्डिंगचं लग्नाच्या कॅसेटसारखं होतं, काढताना हौस आणि बघायला कुणालाच वेळ नाही.

दुसरी पायरी: आरटीओचं काम आणि कॅमेरा यांची गल्लत करू नका

इथे बरेच नवखे फसतात. एआयएस-१४० हे मानक गाडीचं ठिकाण सांगणाऱ्या यंत्राचं आणि आपत्कालीन बटणाचं आहे. प्रवासी वाहतुकीच्या गाड्यांना आणि घातक माल नेणाऱ्या मोठ्या गाड्यांना ते यंत्र लागतं आणि गाडीच्या फिटनेस प्रमाणपत्राच्या वेळी तपासलं जातं. कॅमेरा हा त्याच्या वरचा, तुमच्या मर्जीचा खर्च. 'आमचा कॅमेरा घ्या, आरटीओचंही काम होऊन जाईल' असं कुणी म्हणालं तर त्याच मॉडेलचं एआयएस-१४० मंजुरीचं प्रमाणपत्र मागा आणि मॉडेल नंबर अक्षर न् अक्षर जुळवून बघा. गाडीत आधीच मंजूर यंत्र असेल तर ते काढू देऊ नका.

तिसरी पायरी: समोर बसलेला माणूस कुठल्या जातकुळीचा आहे ते ओळखा

बाजारात ढोबळ मानाने तीन प्रकारचे लोक भेटतात. जुने जीपीएसवाले, ज्यांनी आता जोडीला कॅमेरा विकायला घेतलाय. यांची फिटर मंडळी कळंबोलीपासून वसईपर्यंत पसरलेली असतात, पण सॉफ्टवेअर बऱ्याचदा बाहेरून आणून फक्त स्वतःचा लोगो लावलेलं असतं. दुसरे खास व्हिडिओ आणि एआयवाले. अलर्ट, म्हणजे धोका दिसला की यंत्र देतं ती सूचना, चांगले, पण यार्डात येऊन वायर जोडणारा माणूस उपठेकेदाराचा. तिसरा प्रकार म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपन्यांची स्वतःची सेवा, जसं टाटाचं फ्लीट एज किंवा अशोक लेलँडचं आय-अलर्ट. त्यातून इंजिन आणि डिझेलची माहिती उत्तम मिळते, मात्र तुमच्याकडे तीन कंपन्यांच्या गाड्या असतील तर तीन वेगळे स्क्रीन उघडावे लागतील.

यातला कुठलाच प्रकार मुळात वाईट नाही. फक्त एक सरळ विचारा: यंत्र कुणाचं, सॉफ्टवेअर कुणाचं, सिम कुणाचं, फिटर कुणाचा? चारही उत्तरं चार वेगळ्या कंपन्यांची निघाली तर बिघाड झाल्यावर चौघे एकमेकांकडे बोट दाखवतील. तेव्हा जबाबदारी एकाच्या गळ्यात, लेखी अडकवा.

चौथी पायरी: कार्डाचा हिशोब स्वतः करा

हा भाग जरा सावकाश वाचा, कारण सगळ्यात जास्त तोंडघशी पडायला होतं ते इथेच.

चालू गाडीतलं सगळं रेकॉर्डिंग क्लाउडवर जात नाही. ते गाडीतल्या मेमरी कार्डावर किंवा डिस्कवर साठतं आणि वर जातात त्या फक्त अलर्टच्या छोट्या क्लिपा. कार्ड भरलं की जुनं पुसून त्यावर नवं लिहिलं जातं. एच.२६५ या व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धतीने फुल एचडी रेकॉर्डिंग साधारण २ मेगाबिट प्रतिसेकंद या वेगाने धरलं तर एका कॅमेऱ्याला तासाला ०.९ जीबी लागतात. दोन कॅमेऱ्यांना १.८ जीबी. म्हणजे १२८ जीबीचं कार्ड सुमारे ७० तासांत भरलं. गाडी दिवसाला १४ तास चालत असेल तर तुमच्याकडे पाच दिवसांचं फुटेज राहतं. चार कॅमेरे लावलेत तर अडीच दिवसांचं.

आता पार्टीची तक्रार कधी येते आठवून बघा. 'गेल्या सोमवारी आलेल्या मालात सहा पेट्या कमी आहेत' हा फोन येतो पुढच्या बुधवारी. तोवर सोमवार पुसला गेलेला असतो. म्हणून 'आमच्याकडे तीस दिवसांचा बॅकअप असतो' हे वाक्य ऐकलं की विचारा: अलर्टच्या क्लिपांचा की पूर्ण रेकॉर्डिंगचा? किती कॅमेऱ्यांचा, कुठल्या दर्जाचा, रोजचे किती तास धरून? सेल्समन बहुतेक वेळा क्लिपांबद्दल बोलत असतो.

पावसाळ्यात यात आणखी एक गंमत होते. जी-सेन्सर धक्का ओळखून त्या वेळची फाइल 'लॉक' करतो, म्हणजे ती सहजासहजी पुसली जाऊ नये. जुलैमधल्या आपल्या रस्त्यांवर खड्डा आणि धडक यांत त्याला फरक कळेलच असं नाही. दिवसभरात ढीगभर फायली लॉक होतात, कार्डाचा राखीव भाग भरतो आणि नेमकी खऱ्या ठोकरीची फाइल ठेवायला जागा उरत नाही. लॉक फायली भरल्यावर यंत्र काय करतं आणि धक्क्याची संवेदनशीलता गाडीगणिक बदलता येते का, या दोन प्रश्नांवर बरेच सेल्समन 'टेक्निकल टीमला विचारून सांगतो' म्हणतात. सांगू द्या, पण लेखी.

यंत्राबद्दल आणखी थोडं. काचेला चिकटवलेल्या कॅमेऱ्यात लिथियम बॅटरीऐवजी सुपरकॅपॅसिटर (थोडी वीज साठवणारा, बॅटरी नसलेला भाग) असलेला बरा. मे महिन्यात उन्हात उभ्या केबिनमध्ये बॅटऱ्या फुगतात. कार्ड सतत रेकॉर्डिंगसाठी बनवलेलं, हाय एन्ड्युरन्स प्रकारचं हवं. बाहेरचे कॅमेरे धूळ-पाणी आत न जाऊ देणाऱ्या, किमान आयपी६७ दर्जाचे, आणि प्रेशरच्या पाण्याने गाडी धुत असाल तर आयपी६९के. यंत्र १२ आणि २४ व्होल्ट दोन्हींवर चालावं, आणि गाडी उभी असताना बॅटरी ठरावीक पातळीखाली गेली की स्वतः बंद व्हावं, नाहीतर पहाटे तुर्भ्याच्या मार्केटात गाडी धक्का मारून चालू करायची वेळ येईल.

पाचवी पायरी: अलर्ट मुंबईच्या रस्त्यावर तपासा

'पुढच्या गाडीपासून अंतर कमी' हा अलर्ट महामार्गावर सोन्याचा. मशीद बंदरच्या गल्लीत, जिथे हातगाडी, रिक्षा आणि दुचाकी तिन्ही बंपरला चिकटून चालतात, तिथे तोच अलर्ट ड्रायव्हरचं डोकं फिरवतो. अमुक वेगाच्या खाली तो बंद ठेवता आला पाहिजे. लेन सोडल्याचा अलर्टही तसाच. पट्टेच पुसलेल्या रस्त्यावर त्याने ओळखायचं काय?

केबिनमधला कॅमेरा ड्रायव्हरची डुलकी, फोन, सिगारेट ओळखतो असं सांगतात. आपल्या ड्रायव्हरला घेऊनच बघा. तळहातावर तंबाखू मळून हात ओठाशी नेला की काही यंत्रं 'सिगारेट' म्हणतात, गालावर हात टेकवला की 'फोन'. गॉगल, गळ्यातून तोंडावर ओढलेला गमछा, रात्री समोरून येणारे हेडलाइट, हे सगळं चाचणीत यायला हवं. आणि केबिनमधली सूचना कुठल्या भाषेत बोलते तेही ऐका. तुमचे निम्मे ड्रायव्हर उत्तर प्रदेश, बिहारचे आणि निम्मे साताऱ्या-बीडचे असतील, तर अमेरिकन बाईचा इंग्रजी आवाज कुणाच्याच कामाचा नाही.

वेगाच्या अलर्टमध्ये एक घोळ मुंबईत हमखास होतो. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्यासारख्या ठिकाणी वर पूल आणि खाली रस्ता असतो. जीपीएसला गाडी वर आहे की खाली हे नीट कळत नाही, आणि सॉफ्टवेअर भलतीच वेगमर्यादा लावून ड्रायव्हरला दोषी ठरवतं. अशा नोंदी हाताने रद्द करायची सोय आहे का बघा. नसेल तर त्या आकड्यांवर कुणाचा बोनस कापू नका.

सहावी पायरी: दोघांना एकाच वेळी चाचणीला लावा

सेल्समनच्या डेमो गाडीत बसून काही कळत नाही. यादीतले शेवटचे दोन पुरवठादार घ्या आणि प्रत्येकाला तुमच्या दोन-तीन गाड्या द्या, त्यात तुमची सगळ्यात जुनी, वायरिंग खराब झालेली गाडी हटकून असू द्या. दोन-तीन आठवडे नेहमीच्या कामावर पळवा: एखादी न्हावाशेवा-भिवंडी, एखादी शहरातली डिलिव्हरी, आणि एखादी बोरघाटातून पुण्याला किंवा कसाऱ्याकडून नाशिकला. घाटात आणि बोगद्यात रेंज जाणारच. रेंज आल्यावर मधल्या वेळचा नकाशा आणि क्लिपा आपोआप वर चढतात का, हे बघायचं.

चाचणी चालू असताना थोडा आगाऊपणा करा. एका संध्याकाळी पुरवठादाराला न सांगता लेन्सवर चिकटपट्टी लावा. दुसऱ्या दिवशी यंत्राची वायर काढा. कार्ड काढून ठेवा. प्रत्येक वेळी ऑफिसात सूचना आली का, आणि किती वेळाने आली, ते वहीत लिहा. कार्ड खराब झालेलं आठवडाभर कुणाला कळलंच नाही, ही या धंद्यातली सगळ्यात नेहमीची तक्रार आहे. चांगली यंत्रणा रोज सकाळी सांगते की कुठल्या गाडीचा कुठला कॅमेरा काल रेकॉर्ड करत नव्हता.

मग मुख्य परीक्षा. रविवारी रात्री हेल्पलाइनला फोन लावा: 'परवा दुपारी सव्वातीन ते साडेतीन, अमुक गाडी, पुढचा कॅमेरा, मूळ फाइल पाहिजे.' तुम्ही फोन लावता तेव्हा गाडी रस्त्यावर असू द्या. घड्याळ लावा. तुमच्या सुपरवायझरला स्वतः स्क्रीनवरून ती क्लिप काढता आली तर पैकीच्या पैकी. दोन तासांत कुणी पाठवली तर ठीक. 'उद्या इंजिनियर येऊन कार्ड काढेल' असं उत्तर आलं तर हात जोडून निरोप द्या, बाकी काहीही कितीही आवडलेलं असो.

सातवी पायरी: फुटेज कोर्टात टिकेल का?

१ जुलै २०२४ पासून पुराव्याच्या जुन्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्या नमुन्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची असते. हॅश म्हणजे फाइलवरून गणिताने काढलेली आकड्या-अक्षरांची ओळ. फाइलमध्ये इतकुसा बदल झाला तरी ती पार बदलते. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला की तो दाबून लहान केला जातो, म्हणजे फाइल बदललीच. म्हणून ठोकरीची क्लिप ग्रुपवर फिरवायची असेल तर फिरवा, पण मूळ फाइल सॉफ्टवेअरमधून उतरवून वेगळी जपा. पुरवठादाराला विचारा: तारीख, वेळ, वेग आणि ठिकाणासह मूळ फाइल देता का, हॅश देता का, आणि प्रमाणपत्रावर तुमच्याकडून कोण सही करेल?

मोटार अपघात दाव्याला कायद्यातल्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातली आहे, आणि खटला त्यानंतर कितीतरी वर्षं चालू शकतो. त्यामुळे ठरावीक क्लिपा कायमच्या बाजूला ठेवायची सोय असायलाच हवी, आणि तिचे पैसे वेगळे आहेत का तेही आत्ताच कळलं पाहिजे.

आठवी पायरी: ड्रायव्हरशी आधी बोला

कॅमेरे बसवून झाल्यावर ड्रायव्हरला सांगितलं तर दोन गोष्टी होतात: लेन्सवर चुना लागतो, नाहीतर ड्रायव्हर दुसऱ्या मालकाकडे जातो. आधी यार्डात बसून बोला. जानेवारी २०२४ मध्ये हिट अँड रनच्या नव्या तरतुदीविरुद्ध चालकांनी गाड्या उभ्या केल्या होत्या, त्यामागची भीती खरी होती. गर्दी नेहमी मोठ्या गाडीलाच दोषी धरते. पुढचा कॅमेरा त्यांच्याच बाजूचा साक्षीदार आहे, हे एखादी खरी क्लिप दाखवून पटतं.

केबिनचा कॅमेरा मात्र नाजूक मामला आहे. लांबच्या फेरीत केबिन म्हणजे ड्रायव्हरचं घर. तो तिथे झोपतो, कपडे बदलतो, घरी फोनवर बोलतो. इंजिन बंद असताना आतला कॅमेरा बंद आणि आवाजाचं रेकॉर्डिंग कायम बंद, एवढं पुरवठादाराकडून सेटिंगमध्येच करून घ्या. आतलं फुटेज कोण बघू शकतो ते ठरवा आणि कुणी कधी बघितलं याची नोंद सॉफ्टवेअरमध्ये राहते का तपासा. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा २०२३चा कायदा अशा माहितीलाही कवेत घेतो, तेव्हा काय रेकॉर्ड होतं, कशासाठी आणि किती दिवस, याचा साधा कागद मराठीत आणि हिंदीत करून सह्या घ्या. ड्रायव्हरच्या जांभईची क्लिप ग्रुपवर टाकून हसणाऱ्या मॅनेजरला आधी आवरा.

नववी पायरी: करारातली बारीक अक्षरं

महिन्याचा गाडीमागचा दर सगळे मोठ्या टाइपात छापतात. तुम्ही एका गाडीचा पूर्ण मुदतीचा खर्च मांडा: यंत्र, बसवणावळ, मासिक शुल्क, डेटा, बदली कार्डं, वर १८ टक्के जीएसटी. डेटाची मर्यादा नक्की विचारा. एका कॅमेऱ्याचं थेट चित्र तासभर बघितलं तरी चांगल्या दर्जात पाऊण-एक जीबी जातो, आणि नवी नवलाई असताना ऑफिसात सगळेच लाइव्ह लावून बसतात. काही करारांत महिन्याला अमुक मिनिटंच व्हिडिओ मागवता येतो, पुढे जादा आकार.

मुदत तीन वर्षांची सांगतील, आणि खळखळ न करता एक वर्षावर येतील. यंत्राचा मालक कोण? गाडी विकली तर यंत्र दुसऱ्या गाडीत हलवायचे पैसे किती? गाडी महिनाभर गॅरेजात पडली तर शुल्क थांबतं का? सेवा सोडताना आधीच्या क्लिपा आणि नोंदी कुठल्या स्वरूपात मिळतात? तक्रार नोंदवल्यापासून फिटर किती तासांत येईल, कुठे येईल, न आल्यास बिलातून किती कापायचं? या शेवटच्या प्रश्नावर चेहरे बदलतात. बदलू द्या.

सही करण्याआधी त्यांच्या एका जुन्या ग्राहकाच्या यार्डात जाऊन या. मालकाशी चहा प्या, पण माहिती त्यांच्या सुपरवायझरकडून काढा; कुठल्या गाडीचा कॅमेरा कधीपासून बंद आहे हे त्यालाच ठाऊक असतं.

दहावी पायरी: बसवताना हजर राहा

सगळ्या गाड्या एका रविवारी उरकायची घाई नको. आधी पाच. फिटर वायर कापून पीळ मारत असेल तर थांबवा. नव्या बीएस-६ गाड्यांत असल्या जोडणीने वॉरंटीचा वाद उभा राहतो. वेगळा फ्यूज, योग्य कनेक्टर आणि पत्र्याला घासणार नाही अशी वायर एवढं बघा. पुढचा कॅमेरा वायपर फिरतो त्या भागातच काचेवर असावा, नाहीतर पावसात फक्त थेंब रेकॉर्ड होतील. क्लीनरला काचेबरोबर बाहेरच्या लेन्सही पुसायची सवय लावा.

पाच गाड्यांचा पहिला आठवडा झाला की प्रत्येक गाडीची एक यादृच्छिक वेळ निवडून क्लिप मागवा. पाचही आल्या तर पुढच्या गाड्या लावायला सांगा आणि हप्ता सोडा. एखादी जरी आली नाही तरी कारण कळेपर्यंत पैसे रोखून धरा.